फिकट म्हणून दिलेले ससे

पॉलिशकाकांना रंगाबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. उभं आयुष्य त्यांनी लाकडाला पॉलिश मारण्यात घालवलं होतं. सागाचा तपकिरी वेगळा, अक्रोडाचा वेगळा, आणि स्वस्तातल्या लाकडाला सागाचा आव आणून देणारा तपकिरी तर त्याहून वेगळा, हे ते लांबून सांगायचे आणि समोरच्याने नुसती शंका घेतली तरी त्याच्याकडे असं बघायचे की तो बिचारा स्वतःच्या शर्टाचा रंगही विसरायचा. नाकावर माशी बसू न देणारी माणसं असतात, त्यांतले काका. आता हात थरथरायला लागल्यापासून ब्रश खाली ठेवला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशातली गत.

ससे मात्र त्यांचे नव्हते. ते काकूंचे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत काकूंनी लोंबत्या कानांच्या बुटक्या जातीची एक जोडी आणली आणि घरामागच्या अंगणात पिंजरे वाढत गेले. काका आधी नाक मुरडायचे. मग एका सकाळी काकूंनी एक साधासा करडा ससा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, याचा रंग सांगा बघू. काका म्हणाले, करडा, त्यात काय सांगायचं? काकूंनी वाकून सशाच्या पाठीवर हलकी फुंकर मारली.

केस बाजूला झाले आणि कातडीपर्यंत एक वाटोळी खोलगट जागा उघडली. तळाशी पाटीसारखा काळपट निळा, त्याच्यावर नारिंगी, आणि अगदी टोकाला काळा. कड्यात कडं. एकेका केसावर तीन-तीन रंग, आणि असे हजारो केस, सगळ्यांचे रंग एकाच उंचीवर बदललेले. आयुष्यभर हाताने पुटं चढवणाऱ्या माणसाला त्यातली कारागिरी कळली. फुंकर संपली तशी ती कडी मिटली आणि मांडीवर पुन्हा साधा करडा ससा उरला. काकांनी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या दिवसापासून ते काकूंचे शिष्य झाले, अर्थात तसं कधी कबूल न करता.

काकूंची पद्धत ठरलेली. वरचा रंग म्हणजे पाहुण्यांसमोरचं बोलणं, त्यावर जायचं नाही. कानाच्या आत बघायचं, पोटाखाली बघायचं, डोळा उन्हात धरून बघायचा, आणि शेवटी फुंकर मारून कातडीपर्यंत उतरायचं. असं पाहिलं की काळा खरंच काळा आहे का, निळा म्हणतात तो राखाडी खरंच निळा आहे का, ते कळतं. चॉकलेटी सशाच्या डोळ्यात उन्हाची तिरीप गेली की आत माणकासारखी लाल झाक चमकते. आणि या सगळ्यांच्या वर काकूंच्या लेखी एकच रंग होता. पारवा.

पारव्याच्या छातीचा तो रंग आठवा, राखाडी, पण त्यात कुठेतरी गुलाबी मिसळलेला, आणि दोन्हींत भांडण नाही. तसा ससा. नखापासून कानापर्यंत एकसारखा, फुंकर मारली तरी तळापर्यंत तोच. हा रंग मागून मिळत नाही. आईकडूनही आणि बापाकडूनही लपून आलेला असावा लागतो, आजोबांचं नाक मधली पिढी गाळून नातवाला यावं तसा. चॉकलेटी आणि निळ्या सशांची घराणी जुळवत, चुकत, पुन्हा जुळवत काकूंनी तो काढला होता. अंगणात एका वेळी दोनाहून जास्त पारवे कधी झाले नाहीत, पण जे झाले ते बघायला लांबून माणसं यायची.

मग काकू आजारी पडल्या. अंथरुणाला खिळल्या असताना त्यांच्या लाडक्या सशिणीला पिल्लं झाली. थोडी लव आल्यावर काकांनी त्यांतलं एक पिल्लू आत नेऊन त्यांच्या उशाशी ठेवलं. संध्याकाळची वेळ, दिव्याचा पिवळा उजेड. काकूंनी विचारलं, "पारवा आहे?" काकांनी नीट निरखून पाहिलं. "नाही गं. चॉकलेटीच आहे, पण फिकट. रंग बसलेला नाही." काकू बरं म्हणाल्या. त्यांचा काकांच्या नजरेवर पूर्ण विश्वास होता. काही दिवसांनी त्या गेल्या.

त्यानंतर अंगणात एकही पारवा जन्मला नाही. दर वेताला काका डोळ्यांत तेल घालून बघायचे. निळे व्हायचे, चॉकलेटी व्हायचे, आणि हमखास एखाददुसरं ते रंग न बसलेलं फिकट पिल्लू. फिकट पिल्लू ठेवून करायचं काय? ज्याला हवं त्याला काका ते देऊन टाकायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नेलं, सलूनवाल्याने नेलं, शाळेच्या शिपाईमामांनी मुलींसाठी नेलं. मध्ये एकदा सशांची साथ आली आणि अंगणातले निम्म्याहून जास्त पिंजरे रिकामे करून गेली. काका लोकांना सांगायचे, ती गेली आणि जाताना रंग घेऊन गेली. हे ते सहज बोलल्यासारखं बोलायचे, पण दुसऱ्या कशाबद्दल ते असं सांगत नसत.

आता त्या घराण्यातली एकच सशीण उरली होती आणि तीही म्हातारी. तिचं हे शेवटचं वेत. काकांनी मनाशी ठरवलं होतं आणि लेकीला सांगूनही टाकलं होतं, यात पारवा निघाला तर ठीक, नाही तर पिंजरे भंगारात. पिल्लं झाली, लव आली. दोन निळी, एक चॉकलेटी, एक फिकट. फिकट शिवणवाल्या बाईंच्या पदरात पडलं, कारण त्यांचा आधीचा ससा एकटा होता. नेताना बाई म्हणाल्या होत्या की काका, मला काही हा तपकिरी वाटत नाही. काकांनी त्यांना सुनावलं की बाई, तुम्ही कापड बघा, रंग माझ्यावर सोडा. आणि भंगारवाल्याला निरोप गेला की डोळ्याचं ऑपरेशन उरकलं की रविवारी हातगाडी घेऊन ये.

डोळ्याचं ऑपरेशन हा लेकीचा हट्ट. लेक दवाखान्यात एक्स-रे काढायची. सगळं जग काळ्या-पांढऱ्यात बघणाऱ्या बाईने मला डोळ्यांबद्दल सांगू नये, असं काका म्हणायचे. पण मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता आणि काका एकदा पायरी चुकून पडले, तेव्हा लेकीने ताकास तूर लागू न देता तारीखच घेऊन टाकली. आधी उजवा करायचा, डावा महिन्याने.

पट्टी सुटली त्या दिवशी घरी येऊन काका दारातच थांबले. आतल्या भिंतीकडे बघून त्यांनी लेकीला विचारलं की मला न विचारता रंग कधी काढलास, आणि चांगला बदामी रंग घालवून हा दवाखान्यासारखा पांढरा कुणी सुचवला. लेक म्हणाली, बाबा, भिंत पहिल्यापासून पांढरीच आहे. काकांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. मग त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला. भिंत बदामी झाली. डावा झाकला, पांढरीशुभ्र झाली. काका कितीतरी वेळ तिथे उभे राहून हात या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेत होते. एका घराची दोन घरं झाली होती. एक चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं, आणि दुसरं इतकं लख्ख की त्यांचे डोळे दिपले. खिडकीबाहेर आकाश होतं ते निळं होतं. निळं असतं हे माहीत होतं, पण इतकं असतं हे ते विसरले होते. लेकीच्या केसांत पांढरे केस होते. त्यांनी ते पहिल्यांदा पाहिले आणि एकदम तिचा हात धरला. तिला वाटलं तोल गेला.

दुपारी ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. हे घरातलं कपाट म्हणजे त्यांचं शेवटचं काम. अक्रोडी पॉलिश, अगदी मापात, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. उजव्या डोळ्याने ते कपाट अक्रोडी नव्हतं. लालभडक होतं, नव्या विटेसारखं. वर्षानुवर्षं सगळी गल्ली ते कपाट बघत होती आणि काकांच्या धाकाने कुणी चकार शब्द काढला नव्हता. आधी त्यांना हसू आलं. लेकीला हाक मारून त्यांनी विचारलंसुद्धा, तुला दिसत होतं का हे. दिसत होतं, ती म्हणाली, पण तुम्हाला कोण सांगणार.

हसता हसता काका मध्येच थांबले. पिवळ्या काचेतून पांढरी भिंत बदामी दिसते. मग त्याच काचेतून राखाडीतला तो नाजूक गुलाबी कसा दिसेल? त्यांनी तो रंग मनातल्या मनात घेतला, त्याच्यावर पिवळं वॉर्निश चढवलं, आणि काय दिसतं ते बघितलं. आयुष्यभर केलेलं काम होतं ते, चुकणं शक्य नव्हतं. दिसला फिकट तपकिरी. रंग न बसलेला चॉकलेटी. आणि डोळ्यातली ती लाल झाक पारव्याला असते तशी चॉकलेटीलाही असते, त्यामुळे उन्हात धरूनही काही फरक कळला नसता.

ते उठले आणि डोळ्यावरचा काळा चष्मा सावरत, लेक मागून ओरडत असतानाच, चपला घालून निघाले.

शिवणवाल्या बाईंचं दुकान गल्लीच्या टोकाला. बाई मशीनवर होत्या आणि टेबलाखालच्या चिंध्यांत काहीतरी हलत होतं. काकांनी बाईंना मशीन थांबवायला लावलं आणि म्हणाले की ससा दारात, उजेडात आणा. बाईंना वाटलं काका पिल्लू परत मागायला आले. त्यांनी ते छातीशी धरूनच आणलं. दारातल्या पायरीवर ऊन होतं. काकांनी चष्मा काढला, आधी उजवा डोळा मिटला. डाव्याला दिसलं ते ओळखीचंच, फिकट तपकिरी, त्यांनीच दिलेलं. मग त्यांनी डावा मिटला.

बाईंच्या हातात पारवा होता.

 काकांना वाकायची मनाई होती आणि धूळ, केस डोळ्यांजवळ न्यायचीही मनाई होती. म्हणून त्यांनी बाईंना सांगितलं, "बाई, मला वाकता येत नाही. फुंकर तुम्ही मारा. पाठीवर, हळू." बाईंनी फुंकर मारली. केस उघडले. कुठेही कडं नाही, कुठे रंग बदलत नाही, टोकापासून कातडीपर्यंत एकच, ढगाच्या कडेला सकाळी असतो तसा शांत राखाडी-गुलाबी. काकांनी त्यांना पुन्हा मारायला सांगितली, मानेवर, मग कुशीवर. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली की शिवणवाल्या बाई सशाला फुंकर का मारतायत आणि पॉलिशकाका एक डोळा मिटून रडतायत का.

रडतच होते ते. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी यायला नको होतं, पण आलं. बाई घाबरल्या. त्यांनी आतून दुसराही ससा आणला, दोन वर्षांपूर्वी नेलेला, कदाचित तो बघून काकांना बरं वाटेल म्हणून. तोही पारवा.

मग काकांना सगळंच एकदम दिसायला लागलं. दर वेतातलं ते फिकट पिल्लू. सलूनवाल्याचं, शिपाईमामांच्या मुलींचं, पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यांचं, आणखी कुणाकुणाचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे तर कळसा काखेतून काढून स्वतःच्या हाताने वाटून टाकला होता. आणि त्या सगळ्यांच्या आधीचं, उशाशी ठेवलेलं ते पिल्लू. पारवा आहे का, असं तिने विचारलं होतं. होता. घरी परत येईपर्यंत काका तेवढंच म्हणत होते, होता गं, होता.

लेकीने बापाला कधी असं पाहिलं नव्हतं. तिने दोन दिवस कामावरून येताना घरोघर जाऊन निरोप दिले, की रविवारी सकाळी आपापला ससा घेऊन काकांकडे या. का ते तिने सांगितलं नाही. लोकांना वाटलं काही तपासणी असेल.

रविवारी काकांनी अंगणात मोठं टेबल काढून त्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरली. माणसं यायला लागली. सलूनवाला टॉवेलात गुंडाळून घेऊन आला, शिपाईमामांच्या मुली टोपलीत, बेकरीवाले पुठ्ठ्याच्या खोक्यात. एकेक ससा चादरीवर उतरला. काका प्रत्येकापुढे उभे राहायचे, डावा डोळा मिटायचे आणि धन्याला फुंकर मारायला सांगायचे. पारवा. पुढचा, पारवा. एक निघाला खराखुरा चॉकलेटी, त्याचं त्यांना उलट बरं वाटलं, म्हणजे अगदीच आंधळा नव्हतो. बाकी सगळे पारवे. बेकरीवाल्यांच्या जोडीला घरीच पिल्लं झाली होती, ती त्यांनी हळूच खिशातून काढावीत तशी बाहेर काढली. सगळीच्या सगळी पारवी. पारव्याला पारवा मिळाला की दुसरा रंग येतच नाही, हे काकू म्हणायच्या, पण त्यांच्याकडे तशी जोडी कधी जमलीच नव्हती.

चादर भरली. लोंबत्या कानांचे, काही मोठे, काही मुठीएवढे, उन्हात एकमेकांना चिकटून बसलेले, आणि सगळ्यांवर तो एकच रंग. हलले की त्यातला गुलाबी वर यायचा, थांबले की राखाडी.  आपल्या घरातला ससा रोज बघणाऱ्यांनाही वाटलं की आपण आज तो पहिल्यांदा बघतोय. लेकसुद्धा बघत राहिली, जिला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. आईने जन्मभर एका वेळी दोनाच्या वर कधी पाहिले नाहीत, हे तिला माहीत होतं.

काकांनी घसा साफ केला आणि जे कुणी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं ते सगळ्यांदेखत सांगितलं, की मी तुम्हाला फिकट म्हणून, टाकाऊ म्हणून दिले, ते माझं चुकलं, माझे डोळे गेले होते. सलूनवाला म्हणाला, "काका, आम्ही कुठे फिकट म्हटलं? तुम्ही म्हणायचात, आम्ही मान हलवायचो." सगळे हसले. काकाही हसले, जरा उशिराने.

तेवढ्यात भंगारवाल्याची हातगाडी दाराशी लागली. काका त्याला विसरलेच होते. टेबलावरचा देखावा बघून तो बिचकला आणि त्याने विचारलं की आता पिंजरे न्यायचे की राहू द्यायचे. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. शिवणवाल्या बाई तर पुढे होऊन म्हणाल्या की काका, माझे दोन्ही ठेवून घ्या, काकूंच्या अंगणात काकूंचा रंग राहू दे. त्यांची नजर आपल्या सशांवरून हलत नव्हती, पण देण्याची तयारी खरी होती. त्यांच्यामागे शिपाईमामांच्या धाकटीने टोपलीवर दोन्ही हात ठेवले होते.

काका रिकाम्या पिंजऱ्यांकडे बघत राहिले. साथीत त्या पिंजऱ्यांत काय झालं होतं ते त्यांना आठवलं. एका सकाळी कडेचा, दुसऱ्या सकाळी शेजारचा, मग सगळी रांग. जे चांगले म्हणून, जपून ठेवले होते ते.

"न्यायचे आहेत," ते भंगारवाल्याला म्हणाले. "पण भंगारात नाही. ज्याच्याकडे ससा आहे त्याच्या घरी एकेक पोचवायचा. म्हाताऱ्या सशिणीचा आणि तिच्या पिल्लांचा तेवढा राहू दे."

लेक जवळ आली आणि हळूच म्हणाली की बाबा, एक तरी ठेवून घेऊ. इतकी वर्षं शोधत होतात. काकांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"तुझ्या आईचा रंग मला ओळखू आला असता, तर मी तो इथे जपला असता," ते म्हणाले. "आणि मग आज एकही नसता."

 भंगारवाला पिंजरे चढवायला लागला, माणसांनी आपापले ससे उचलले आणि कुठला पिंजरा कुणाकडे यावरून थोडी घासाघीसही झाली. मग काका पुढे झाले, घरं दाखवायला, सगळ्यांना सगळी घरं माहीत असूनही. लेकीने पदर खोचला आणि हातगाडीला मागून हात लावला.